पुलाचा खांब, खाडीचं पाणी आणि पाटणकरांची युक्ती

कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यात स्वस्थ उभं राहून बघा. लाट मागे जाते तशी टाचेभोवतीची रेती निघते, खळगा पडतो आणि पाचसहा लाटांत पाय चांगलाच रुततो. आपण हललेलो नसतो, पाण्यालाही फार जोर नसतो. तरी पायाखालची जागा निघून जाते.

नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या रेल्वेपुलांच्या खांबांशी हेच चालू असतं, आणि तेही दिवसातून चार वेळा दिशा बदलून. उल्हास नदीचा एक फाटा साष्टीच्या उत्तरेने वळसा घेत वसईपाशी समुद्राला मिळतो, ती ही वसईची खाडी. मधे पाणजू बेट, आणि बेटाच्या दोन्ही अंगांना रेल्वेचे पूल. दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. उधाणाला पाणी धावतं, भांगाला मंदावतं. खांब मात्र जागचा हलत नाही. पाण्याला त्याच्या बाजूने वाट काढावी लागते, आणि सगळी भानगड त्या वाट काढण्यात आहे.

पूल बांधण्याआधीच हे पाणी खांबाभोवती काय करील ते कसं कळणार? जुनी रीत अनुभवाच्या सूत्राची. जेराल्ड लेसी या कालवे-अभियंत्याने १९३० साली मांडलेलं सूत्र आपल्याकडच्या पुलांच्या नियमावल्यांत आजही वापरतात. पुरात नदीचा तळ सरासरी किती खोल खरवडला जाईल ते त्यातून काढायचं आणि खांबापाशी त्याची दुप्पट धरायची. ही दुप्पट कुठून आली? पडलेले आणि टिकलेले पूल बघून. दुसरी रीत लहान प्रतिकृतीची. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, म्हणजे १९१६ साली सुरू झालेल्या संस्थेत, नद्या, बंदरं आणि खाड्या लहान करून मांडल्या जातात आणि त्यांतून खरं पाणी सोडलं जातं. यात एक अडचण आहे. खाडी पन्नास पट लहान करता येते, पण पाण्याचा चिकटपणा पन्नास पट कमी करता येत नाही. लाटा आणि उतार यांचं प्रमाण नीट ठेवायचं तर वेग सुमारे सात पट कमी करावा लागतो. मग जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर साडेतीनशे पटींनी बिघडतं. अशा लहान खांबाभोवतीचं पाणी मोठ्या खांबाभोवतीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्तच ‘घट्ट’ वागतं.

तिसरी रीत संगणकाची. तिचे रंगीत नकाशे सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण ते येतात कुठून हे सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी मला नायगावची मिठागरं लागणार आहेत.

गाडीतून जाताना मिठागरांचे चौकोनी वाफे दिसतात. प्रत्येक वाफ्याला बांध, बांधाला तोंड, आणि तोंडातून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात. संगणकात खाडी अशीच वाफ्यांत चिरतात. समजा, खांब दोन मीटर रुंद, गोल. त्याच्याभोवती पाण्याची एक मोठी पेटी कल्पायची: खांबाच्या आधी वीस मीटर, नंतर पन्नास मीटर, बाजूंना वीस-वीस मीटर. ही पेटी लाखो लहान वाफ्यांत विभागायची. खांबापासून लांब वाफे मोठे, खांबाला भिडताना बारीक होत जाणारे. खांबाच्या आत वाफे नाहीत, कारण तिथे पाणी नाही. संगणकाला खांब म्हणजे काय ते ठाऊक नसतं. वाफ्यांच्या जाळीतलं एक भोक, एवढीच त्याची त्याला ओळख.

आता प्रत्येक वाफ्याचे दोन हिशेब ठेवायचे. पहिला साधा: जेवढं पाणी आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, कारण पाणी दाबून लहान होत नाही. दुसरा न्यूटनचा: वाफ्यातल्या पाण्याचा वेग बदलला तर तो कोणत्या तरी ढकलण्याने किंवा ओढण्याने बदलला. ढकलतो शेजारच्या वाफ्याचा दाब. ओढतो शेजारच्या पाण्याचा चिकटपणा. पुस्तकात त्याला विष्यंदिता म्हणतात. काकवीत ती भरपूर, पाण्यात थोडी, पण थोडी म्हणजे नाही असं नव्हे. शेजारचं पाणी वेगात जात असेल तर ते आपल्यालाही ओढून नेतं, संथ असेल तर मागे खेचतं. या दुसऱ्या हिशेबाचं गणित फ्रान्सच्या नाविएने १८२२ साली आणि ब्रिटनच्या स्टोक्सने १८४५ साली मांडलं. समीकरणं तेव्हापासून तीच आहेत. ती कागदावर सुटतात फार थोड्या, सोप्या आकारांसाठी. गोल खांबाभोवती खाडीच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यासाठी सुटत नाहीत, म्हणून वाफे.

वाफ्यावाफ्याने आकडे मांडायची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. जपानच्या मित्सुतोसी कावागुती यांनी गोल दांड्याभोवतीच्या अगदी संथ प्रवाहाचं उत्तर हाताने चालवायच्या गणकयंत्रावर काढलं आणि १९५३ साली प्रसिद्ध केलं. आठवड्याला वीस तास, असं दीड वर्ष ते काम चाललं होतं. आज तेच उत्तर साधा लॅपटॉप काही मिनिटांत देतो. त्या दीड वर्षाच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मोठी अडचण वेगाची नाही, दाबाची आहे. वेगासाठी समीकरण आहे: दाब माहीत असेल तर वेग काढता येतो. पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. ‘आलं तेवढं गेलं पाहिजे’ या पहिल्या हिशेबात दाबाचं नावही नाही. मग दाब कुठून आणायचा?

या प्रश्नाचं जगभर वापरलं गेलेलं उत्तर ज्या दोघांच्या नावावर आहे, त्यांतले एक सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मग पवईच्या आयआयटीत शिकून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे संशोधनाला गेले. दोघांनी मिळून १९७२ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘सिंपल’ असा शब्द होतो. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले. १९८० साली त्यांचं पुस्तक आलं आणि या विषयात शिरणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांचं ते पहिलं पुस्तक ठरलं. विमानाच्या इंजिनापासून घरातल्या हवेपर्यंत वाहत्या गोष्टींचं गणित करणाऱ्यांनी ही युक्ती किंवा तिची भावंडं वापरलेली आहेत. मराठी घरांत हे नाव फारसं ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

युक्ती अशी. प्रत्येक वाफ्यातला दाब आधी सरळ अंदाजाने लिहून टाकायचा. शून्य लिहिलात तरी चालेल. त्या दाबावरून वेग काढायचे. हे वेग अर्थातच चुकीचे येतील, आणि ते चुकलेत हे पहिला हिशेब लगेच सांगेल.

एक वाफा घेऊ. पश्चिमेच्या तोंडातून १० लिटर आत आलं, दक्षिणेच्या तोंडातून २. पूर्वेच्या तोंडातून ८ बाहेर गेलं, उत्तरेच्या तोंडातून २. आत १२, बाहेर १०. दोन लिटर पाणी कुठे ठेवणार? ठेवायला जागा नाही, म्हणजे अंदाज चुकला. पाणी साठू पाहतंय याचा अर्थ इथला दाब आपण कमी धरला होता. तो वाढवू. दाब वाढला की आत येणारं पाणी थोडं अडेल आणि बाहेर जाणारं थोडं जोराने जाईल. चारही तोंडांवर अर्ध्या लिटराचा फरक पडला असं धरा: आत ९.५ आणि १.५, बाहेर ८.५ आणि २.५. आत ११, बाहेर ११. हिशेब जुळला.

पण पूर्वेच्या वाफ्यात आता अर्धा लिटर जास्त गेलं, त्याचा हिशेब बिघडला. पश्चिमेच्या वाफ्यातलं अर्धा लिटर अडलं, त्याचाही बिघडला. म्हणून एकेका वाफ्याला समजावून भागत नाही. लाखो वाफ्यांच्या दाबांच्या दुरुस्त्या एकत्र काढायच्या, वेग सुधारायचे, सुधारलेल्या वेगांनी न्यूटनचा हिशेब पुन्हा करायचा, पुन्हा पाणी मोजायचं. शेकडो, कधी हजारो फेऱ्या होतात आणि हळूहळू शिल्लक उरणारं पाणी शून्याकडे येतं. दुरुस्ती एकदम पूर्ण लावली तर आकडे उसळतात आणि गणित फुटतं. म्हणून काढलेल्या दुरुस्तीचा काही भागच लावायचा, दाबासाठी पुष्कळदा तीस टक्केच.

यात एक धाडस आहे, आणि मला ते फार आवडतं. माझ्या तोंडावरचा वेग बदलला की शेजारच्या तोंडांवरचे वेगही बदलणार आणि त्यांचा परिणाम फिरून माझ्यावर होणार. दुरुस्ती काढताना पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी हा फिरून येणारा परिणाम चक्क सोडून दिला. गणिताच्या काटेकोर नजरेला हे खटकतं. पण त्यांचं म्हणणं असं: आपण जे सूत्र अपुरं ठेवलं ते फक्त दुरुस्तीचं आहे. शेवटी हिशेब जुळला की दुरुस्ती शून्य होते, आणि शून्य दुरुस्तीतून काय गाळलं होतं याला काही किंमत उरत नाही. वाट अंदाजाची असली तरी मुक्काम अचूक. ज्या काळात संगणकाची स्मृती आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कितीतरी तोकडी होती, त्या काळात या काटकसरीमुळे अशक्य गणितं शक्य झाली.

आणखी एक बारकावा मिठागरातच दिसतो. समजा, ओळीतल्या वाफ्यांचे दाब १०, ४०, १०, ४० असे आले. प्रत्यक्षात असं पाणी भयंकर उसळेल. पण वेग आणि दाब दोन्ही वाफ्याच्या मध्यावरच मोजले, तर मधल्या वाफ्याला डावीकडे ४० आणि उजवीकडेही ४० दिसतात. फरक शून्य, म्हणून सगळं शांत आहे असा त्याचा गैरसमज होतो. यावरचा उपाय अमेरिकेत लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली वापरला होता आणि पाटणकरांनीही तोच घेतला: दाब वाफ्याच्या मध्यावर मोजायचा, वेग बांधाच्या तोंडावर. मिठागरात काम करणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. पाण्याची पातळी तो वाफ्यात बघतो आणि वाहणं तोंडाशी बघतो.

आता खांबाच्या अंगाला येऊ. इथे नियम एकच, पण सगळं त्यावर उभं आहे: भिंतीला टेकलेलं पाणी हलत नाही. वेग शून्य. घरातला पंखा दिवसभर गरगरतो, तरी पात्यावरची धूळ उडून जात नाही, याचं एक कारण हेच. पात्याला टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते. खांबाच्या अंगावर वेग शून्य, आणि थोड्या अंतरावर सेकंदाला एक मीटर. मधल्या पातळ थरात वेग झपाट्याने चढतो आणि चिकटपणाची सारी ओढ त्या थरात एकवटते. लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हा थर दाखवून दिला. त्याआधी दीडशे वर्षं चिकटपणा वगळून केलेलं गणित सांगत होतं की पाण्याचा खांबावर जोर पडतच नाही, आणि होडी वल्हवणाऱ्या कोणालाही ते खोटं आहे हे माहीत होतं.

खांबाच्या पाठीमागे वळताना हा दमलेला थर वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जाऊ शकत नाही. तो खांबापासून सुटतो आणि गुंडाळून भोवरा होतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. डोल जाळ्यासाठी ठोकलेल्या खुंटामागे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. खुंट दहा सेंटिमीटर जाड आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर एका अंगाचा भोवरा साधारण सेकंदाला एक या ठेक्याने सुटतो. गणितही तोच ठेका देतं. प्रवाहाचा वेग आणि खांबाची जाडी यांचा गुणाकार करून चिकटपणाने भागलं की जो आकडा येतो तो रेनॉल्ड्स अंक. तो ४७ च्या आसपास पोचेपर्यंत खांबामागे दोन भोवरे गुपचूप बसून असतात. त्यापुढे ते आळीपाळीने सुटू लागतात. कावागुतींचा अंक ४० होता. आपल्या दोन मीटरच्या खांबाचा सुमारे वीस लाख आहे.

वीस लाख म्हणजे नुसती खळबळ. मोठ्या भोवऱ्यात लहान, लहानात बारीक. खांबालगत वेगाचा पहिला चढ जिथे होतो त्या थराचं माप मिलिमीटरच्या काही शतांशांत, माणसाच्या केसाहूनही पातळ. सगळे भोवरे जसेच्या तसे पकडायचे तर ढोबळ हिशेबाने दीडशे लाख कोटी वाफे लागतील. ते कोणालाच परवडत नाही. म्हणून बारीक भोवरे स्वतंत्र न काढता त्यांचा सरासरी परिणाम जादा चिकटपणा म्हणून धरतात. यासाठी लाँडर आणि त्याच स्पाल्डिंग यांनी १९७४ साली दिलेलं प्रारूप अजून चालतं. त्यात प्रयोगांवरून बसवलेले आकडे आहेत. वाचकाने हे लक्षात ठेवावं: संगणकाच्या उत्तरात इथे पुन्हा अनुभव शिरतो, लेसीच्या दुपटीसारखाच, फक्त जास्त खोल जागी.

आता उत्तर वाचू. पाणी सेकंदाला एक मीटर, खोली पाच मीटर. अशा खांबावर पाण्याचा एकूण जोर येतो सुमारे साडेतीनशे किलो वजनाइतका. उधाणाला वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, म्हणजे दीड टनाच्या आत. ज्या खांबावरून भरलेली लोकल जाते त्याला हे ओझं किरकोळ आहे. पाणी खांबाला ढकलून पाडत नाही.

ते खांबाखालचं काढून नेतं. पृष्ठभागाजवळ पाणी वेगात असतं, तळाशी संथ. त्यामुळे खांबाच्या तोंडावर वेगामुळे पडणारा दाब वर जास्त आणि खाली कमी. म्हणून खांबाच्या पुढ्यात पाणी खांबाला घासत खाली उतरतं, तळावर आदळतं, गुंडाळतं आणि घोड्याच्या नालेसारखं दोन्ही अंगांनी मागे जातं. या नालेतल्या भोवऱ्याखाली तळावरची ओढ आजूबाजूच्या तळापेक्षा कित्येक पट होते. कळंबला आपल्या टाचांशी खळगा पडतो तो याच घराण्यातला. आणि हे सगळं पाण्याखाली. पूल वरून तसाच्या तसा दिसतो.

महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यानंतर पुलांच्या पायाकडे लोक जरा लक्ष देऊ लागले. आपल्याकडे विरारच्या उत्तरेला वैतरणेवरचे रेल्वेपूल आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या रेती उपशाबद्दल तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. गणिताच्या भाषेत त्या तक्रारीचा अर्थ सरळ आहे. तळ खाली गेला की पेटीचा तळ बदलतो, खोली बदलते, वेग बदलतो, आणि कालचं उत्तर आज लागू राहत नाही.

म्हणून संगणकाच्या चित्रावर विश्वास ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. वाफे दुप्पट बारीक करून पाहिलं का, आणि उत्तर तेच राहिलं का? राहिलं नाही तर ते उत्तर खाडीचं नव्हे, जाळीचं आहे. पाणी दोन्ही दिशांनी सोडून पाहिलं का? नदीसाठी एक दिशा पुरते. खाडीत भरतीचा खळगा वेगळ्या बाजूला, ओहोटीचा वेगळ्या. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तळ कसला धरला? बहुतेक सूत्रं सुट्या रेतीवर बसवलेली आहेत. खाडीत चिखल आहे, तो चिकटून राहतो आणि मग एकदम निघतो. त्याचा नमुना काढून तपासल्याशिवाय कोणताही संगणक त्याच्याबद्दल काही सांगू शकत नाही.

हे गणित आता मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. ओपनफोम ही आज्ञावली फुकट मिळते. तिच्यात स्थिर प्रवाहासाठी असलेल्या भागाचं नावच ‘सिंपलफोम’ आहे, पाटणकर-स्पाल्डिंगच्या पद्धतीवरून ठेवलेलं. पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ती विद्यार्थ्यांना शिकवतो. वसईत, विरारला अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत आणि खाडी त्यांच्यापासून लांब नाही. लॅपटॉप आहे, आज्ञावली आहे, पद्धत तर पुण्यात शिकलेल्या माणसाचीच आहे. हाताशी नाही ते तळाचं मोजमाप. वसईच्या खाडीतल्या आणि वैतरणेवरच्या पुलांच्या प्रत्येक खांबाभोवतीची खोली पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजली जावी आणि ते आकडे कोणालाही बघता यावेत असे खुले ठेवावेत, ही मागणी वसई-विरारच्या नागरिकांनी रेल्वेकडे आणि सरकारकडे लावून धरली पाहिजे.